मोठं मूल दत्तक घ्यायचं का? नाव नोंदवण्याआधी काय काय ठरवावं

दत्तकाच्या कामात साधारण पाच वर्षांपुढच्या मुलाला ‘मोठं मूल’ म्हणतात. आमची मुलगी घरी आली तेव्हा सात वर्षांची होती. तिला तिचं नाव होतं, आवडीनिवडी होत्या, आठवणी होत्या, आणि मोठ्या माणसांवर कितपत भरवसा टाकायचा याबद्दल तिचं पक्कं मत होतं.

आता बरीच जोडपी आणि एकट्या राहणाऱ्या काही जणी आमच्याकडे विचारायला येतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा कागदपत्रांचाच असतो. कागदपत्रं जमतात हो. अवघड असतो तो घराचा निर्णय, आणि त्याबद्दल कुणी धड बोलत नाही. मोठ्या मुलाच्या बाबतीत निवड दोन्ही बाजूंनी होते. तुम्ही मुलाला स्वीकारता, तसं मूलही तुम्हाला स्वीकारतं, आणि त्याला त्यासाठी तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. तो वेळ त्याला देऊन, त्याच्या होकाराची घाई न करता, पहिल्या दिवसापासून आईबाप म्हणून वागता येईल का, हे तुम्हाला ठरवायचं आहे. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. मोठंच मूल का, हे लिहून काढा

दोघं असाल तर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा आणि मग कागदांची अदलाबदल करा. एकटे असाल तर लिहून आठवडाभर बाजूला ठेवा, मग पुन्हा वाचा. बोलताना आपण एकमेकांना सांभाळून घेतो. कागदावर खरं कारण उतरतं.

‘बाळासाठी फार थांबावं लागतं’ हे कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं. ते खोटं नाही. निरोगी तान्ह्या बाळासाठी नाव नोंदवलं की तीन-साडेतीन वर्षं सहज जातात, आणि मोठा वयोगट निवडला की प्रतीक्षा बरीच कमी होते. पण मन बाळच मागत असेल तर केवळ यादीसाठी वयोगट बदलू नका. सात वर्षांच्या मुलीला पाळण्यातल्या बाळाची जागा भरून काढता येत नाही. आपल्याकडून तशी अपेक्षा आहे, हे मुलांना न सांगता कळतं.

‘एका अनाथ जिवाचं भलं होईल’ हे दुसरं कारण. भावना चांगली आहे. पण उपकाराच्या ओझ्याखाली मूल मोकळं वाढत नाही. कधीतरी कडाक्याचं भांडण होईल, तेव्हा ‘तुला आम्ही आणलं म्हणून’ हे वाक्य तोंडून निघण्याची जरा जरी शक्यता वाटत असेल, तर थांबा.

‘आमच्या मुलाला सोबत होईल’ एवढ्यावरही निर्णय घेऊ नये. सोबत होईल की आधी वर्षभर हेवेदावे होतील, हे कुणाच्याच हातात नसतं. स्वतःचं मूल गेलेलं असेल तर त्या दुःखाला आधी पुरेसा वेळ द्या, समुपदेशकाची मदत घ्या. गेलेल्या मुलाच्या वयाचं मूल तर मुळीच मागू नका.

बोलणारं, प्रश्न विचारणारं मूल आम्हाला आवडतं. आमचं वय चाळिशीपुढे आहे आणि रात्रीची जागरणं आता झेपणार नाहीत. शिक्षक म्हणून मुलांचे राग-रुसवे पाहायची सवय आहे. घरात निवांत वेळ आहे: अशी साधी, जमिनीवरची कारणं टिकतात.

२. कायद्यात बसता का ते पाहा

भारतात दत्तकाचे दोन कायदे आहेत. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आणि २०१५ चा बाल न्याय कायदा. पहिल्यात मूल साधारणपणे १५ वर्षांच्या आतलं असावं लागतं, आणि तो हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता आहे. संस्थेतलं मूल दत्तक घ्यायचं असेल तर रस्ता दुसऱ्या कायद्याचा. तो सर्व धर्मांच्या लोकांना खुला आहे, मूल १८ वर्षांच्या आतलं असावं लागतं, आणि सगळा कारभार केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवरून चालतो.

२०२२ च्या दत्तक नियमांतल्या मुख्य अटी:

- चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज १०० च्या आत, एकट्या पालकाचं वय ५० च्या आत.
- आठ ते अठरा वर्षांच्या मुलासाठी बेरीज ११० च्या आत, एकट्यासाठी ५५ च्या आत.
- मूल आणि पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर.
- जोडप्याचा किमान दोन वर्षांचा स्थिर संसार, आणि दोघांची संमती.
- एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कुणालाही दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही.
- आधीच दोन किंवा अधिक मुलं असतील तर विशेष गरजा असलेल्या किंवा घर मिळणं अवघड झालेल्या मुलांसाठीच विचार होतो.

अंतराच्या अटीत अनेक जण अडकतात. तुम्ही ३२ वर्षांचे असाल तर आठ वर्षांचं मूल तुम्हाला मिळणार नाही.

३. हे मूल कुठून येतं, ते समजून घ्या

गावाबाहेरच्या बालगृहात पन्नास मुलं दिसतात, म्हणून ती सगळी दत्तक घेता येतात असं नाही. त्यांतल्या बहुतेकांचे आई, बाप किंवा आजी-आजोबा आहेत. गरिबीमुळे, आजारपणामुळे, ऊसतोडीच्या स्थलांतरामुळे मुलं तिथे राहतात. जिल्ह्याची बाल कल्याण समिती चौकशी करून ज्या मुलाला ‘दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त’ असं जाहीर करते, तेवढंच मूल पोर्टलवर येतं. संस्थेत वाढदिवस साजरा करायला गेलो आणि एक मुलगा आवडला, म्हणून तोच मिळेल असं होत नाही. संस्थेला तसा शब्द देताही येत नाही.

मोठं मूल मुक्त होतं त्यामागे काहीतरी तुटलेलं असतं. आईबाप वारले, सोडून गेले, किंवा त्यांच्याकडे राहणं मुलासाठी धोक्याचं ठरलं. काही मुलं आधी एका घरात जाऊन परत आलेली असतात. प्रत्येक मुलाने किमान एकदा आपलं माणूस गमावलेलं असतं, आणि तुमच्याकडे येताना ते पुन्हा एकदा गमावतं: संस्थेतल्या मावशी, शेजारच्या खाटेवरची मैत्रीण, ओळखीची शाळा. तुमच्यासाठी जो आनंदाचा दिवस असतो, त्याच दिवशी त्याच्या वाट्याला ताटातूट असते. आनंद साजरा करायला पन्नास नातेवाईक बोलावू नका, एवढी एक गोष्ट तरी नक्की पाळा.

संस्थेत वाढलेल्या मुलाला काय माहीत नसतं, हे आपल्याला सुचतही नाही. आमच्या मुलीने चहा होताना कधी पाहिला नव्हता. तिच्या आयुष्यात चहा मोठ्या किटलीतून तयारच येत होता. पहिल्या सकाळी ती ओट्याशी उभी राहून पातेल्यात पाणी, साखर, पूड पडताना पाहत राहिली, आणि दूध घातल्यावर रंग बदलला तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाली, “मावशी, पुन्हा करा.” दुकानात पैसे देऊन सुट्टे परत घेणं, दाराची बेल वाजली की उघडायला जाणं, दुपारी भूक लागली तर फडताळातून काही काढून खाणं, हे सगळं तिला नवं होतं. उलट सतरंजी घडी घालणं, ताट घासून उपडं ठेवणं, रांगेत उभं राहणं तिला उत्तम येत होतं. हे पाहून पाहुणे म्हणत, किती शहाणी मुलगी! शहाणपण कमी आणि संस्थेची शिस्त जास्त होती. ती सैल पडू लागली तेव्हा मला बरं वाटलं.

शक्य असेल तर नाव नोंदवण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन बोला, दत्तक संस्थेच्या पालक मेळाव्याला जा. पुण्यात सोफोश आणि भारतीय समाज सेवा केंद्र या संस्था अनेक दशकं हे काम करत आहेत. मोठं मूल घेतलेल्या निदान दोन कुटुंबांना भेटा. एक अलीकडे घेतलेलं, एक ज्यांचं मूल आता वयात आलंय असं.

४. घरातल्यांशी आत्ताच बोला, मूल आल्यावर नको

लहान बाळाच्या बाबतीत आजी-आजोबांचा विरोध बाळ मांडीवर आल्यावर बऱ्याचदा विरघळतो. मोठ्या मुलाच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. त्याला सगळं ऐकू येतं आणि सगळं समजतं.

आपल्याकडे हमखास निघणारे प्रश्न ठरलेले आहेत. कुठल्या जातीचं? त्याचे आईबाप कसले होते? मोठं होऊन उलटलं तर? आपली शेती, आपलं घर त्याच्या नावावर करणार? या प्रश्नांची उत्तरं तुम्हा दोघांची एकच असली पाहिजेत, आणि ती मूल यायच्या आधी दिलेली असली पाहिजेत. जातीचा प्रश्न घरात पुन्हा निघणार नाही, हे मी माझ्या सासूबाईंना स्पष्ट सांगितलं होतं. मालमत्तेबद्दल कायदा साफ आहे: दत्तकाचा आदेश झाला की मूल सर्व अर्थांनी तुमचं, जन्मलेल्या मुलाला असतो तसा वारसाहक्कही त्यात आला.

घरात आधीचं मूल पाच वर्षांपेक्षा मोठं असेल तर त्याची संमती कागदपत्रांतच लागते. ती सहीपुरती घेऊ नका. त्याला विचारा की त्याला कशाची भीती वाटते. खोली वाटून घ्यावी लागेल, सायकल वाटून घ्यावी लागेल, आई बरेच दिवस नव्या भावंडातच गुंतलेली असेल, हे त्याला सरळ सांगा. जमेल तिथे आधीच्या मुलापेक्षा धाकटं मूल निवडा. थोरलेपण हिरावलं गेलं की घरातलं मूल दुखावतं.

सोसायटीत, शाळेत, गावाकडे काय आणि किती सांगायचं तेही ठरवा. मूल दत्तक आहे हे लपवता येणार नाही आणि लपवूही नये. पण ते का सोडलं गेलं, कुठे सापडलं, ही कहाणी त्याची आहे. ती आत्यालाही सांगायची नाही.

५. वेळेचा आणि पैशाचा हिशेब

पहिले काही महिने घरात एक माणूस पूर्ण वेळ लागतं. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दत्तक आईसाठी १२ आठवड्यांची रजा आली, पण ती तीन महिन्यांच्या आतल्या बाळापुरती लिहिलेली. म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलासाठी रजा मिळेल असं गृहीत धरू नका. तुमच्या कार्यालयात सध्या कोणता नियम लागू आहे ते लेखी विचारून घ्या. मिळत नसेल तर साठवलेली रजा, बिनपगारी रजा, घरून काम, दोघांनी आळीपाळीने थांबणं यांचा मेळ आधीच घाला. ‘आई बघेल’ यावर सगळा भार टाकू नका. मुलाला आधी तुमची ओळख व्हायला हवी.

शाळेचं पाहा. शिक्षण हक्क कायद्याने मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. पण वय तिसरीचं आणि वाचन पहिलीचं, असं सर्रास असतं. सापडलेल्या मुलाची जन्मतारीख तर डॉक्टरांच्या अंदाजाने लिहिलेली असू शकते. गुणांच्या मागे लागणारी शाळा टाळा. मुख्याध्यापकांना आधी भेटा. त्यांचं पहिलं वाक्य मुलाच्या अभ्यासाबद्दल आहे की मुलाबद्दल, यावरून बरंच कळतं.

समुपदेशन, दात, डोळे, कधी वाचा-उपचार यांसाठी पैसे बाजूला ठेवा. दत्तक प्रक्रियेचं शुल्क ठरलेलं आहे, पोर्टलवर त्याचा तक्ता आहे. त्याबाहेर एक रुपयाही द्यायचा नाही.

६. आपली हद्द खरीखुरी ठरवा

नोंदणीच्या वेळी वयोगट, मुलगा की मुलगी, राज्य, आरोग्य, भावंडं चालतील का, असे पर्याय विचारतात. इथे मोठेपणाने सगळ्यावर खूण करू नका. पुढे मुलाच्या समोर जाऊन ‘जमणार नाही’ म्हणण्यापेक्षा आत्ता फॉर्मवर नाही म्हणणं शतपटीने बरं.

भाषेचा विचार नीट करा. इतर राज्यांचा पर्याय घेतला तर ओडिया किंवा तेलुगू बोलणारं आठ वर्षांचं मूल तुमच्या कोल्हापूरच्या घरात येऊ शकतं. मुलं भाषा पटकन शिकतात हे खरं. पण रात्री रडताना ते काय म्हणतंय हे न कळणं दोघांनाही फार जड जातं. तयारी असेल तर त्याच्या भाषेतली पन्नास-साठ वाक्यं आधी शिका, ती भाषा बोलणारं कुणी जवळपास आहे का पाहा.

भावंडं एकत्र दिली जातात. दोघं एकदम येणं हे दुप्पट काम असतं, पण ती एकमेकांना धरून राहतात आणि त्यांना पहिले महिने सोपे जातात. आमच्या ओळखीत ज्यांनी दोघी बहिणी आणल्या, त्यांच्याकडची थोरली दीड वर्ष धाकटीला स्वतःच भरवायची, आईला जवळ येऊ द्यायची नाही. आठ वर्षांच्या मुलीने आईची जबाबदारी कधीच उचललेली असते आणि ती तिच्या हातातून हळूहळू सोडवून घ्यावी लागते.

७. नोंदणी आणि कागदपत्रं

नोंदणी ‘कारा’च्या केअरिंग्ज पोर्टलवर, स्वतःची स्वतः करा. जमत नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्ष मदत करतो. हे हाताशी ठेवा:

- कुटुंबाचा अलीकडचा फोटो
- पॅन कार्ड, जन्माचा दाखला
- राहण्याचा पुरावा (आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वीजबिल यांपैकी)
- उत्पन्नाचा पुरावा (पगारपत्रक, उत्पन्नाचा दाखला किंवा प्राप्तिकर विवरणपत्र)
- विवाह नोंदणी दाखला. लागू असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराचा मृत्यू दाखला
- गंभीर किंवा संसर्गजन्य आजार नाही आणि दत्तक घेण्यास योग्य आहात, असा डॉक्टरांचा दाखला. जोडपं असेल तर दोघांचा
- ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं
- घरातल्या पाच वर्षांवरील मुलाची संमती
- एकट्या पालकासाठी, गरज पडल्यास मुलाला सांभाळण्याची नातेवाइकाची हमी

नावांची स्पेलिंग सगळीकडे सारखी आहेत का ते आधी बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचा पॅन एका नावाने आणि आधार दुसऱ्या नावाने, यातच अनेकींचा वेळ जातो.

८. होम स्टडी: परीक्षा समजू नका

होम स्टडी म्हणजे तुमच्या घराची आणि कुटुंबाची पाहणी. समाजसेविका घरी येतात, दोघांशी एकत्र आणि वेगवेगळं बोलतात, घरातल्या इतरांनाही भेटतात. घर चकाचक करायची गरज नाही. तुमचं बालपण कसं गेलं, भांडण झालं की कोण अबोला धरतं, मूल न होण्याचं दुःख किती शिल्लक आहे, असे प्रश्न येतात. खरी उत्तरं द्या. आजार, कर्ज, आधीचं लग्न, काहीही लपवू नका. मोठ्या मुलाबद्दल मनात शंका असेल तर तीही इथेच बोला. योग्य वयोगट कोणता ते ठरवायला त्या मदत करतात. या पाहणीचा अहवाल तीन वर्षं चालतो.

९. मुलाचा प्रस्ताव येतो तेव्हा

पोर्टलवर मुलाचा फोटो, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल येतो. राखून ठेवायचं की नाही हे ४८ तासांत सांगायचं असतं. फोटोवर भाळून निर्णय घेऊ नका. वैद्यकीय अहवाल तुमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवा, म्हणजे त्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा. राखून ठेवल्यावर संस्थेला हे विचारा:

- मूल संस्थेत कधी आलं, त्याआधी कुठे होतं? किती जागा बदलल्या?
- त्याला काय काय आठवतं, आणि ते काय बोलून दाखवतं?
- भाऊ-बहीण कुठे आहेत? भेट होते का?
- आधी कुठल्या घरी जाऊन परत आलं आहे का? का?
- रागावलं की काय करतं? घाबरलं की काय करतं? झोप कशी आहे?
- सगळ्यात जास्त लळा कुणाचा?
- दत्तक जाण्याबद्दल त्याला कुणी, काय सांगितलं आहे?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आदेश देताना मुलाच्या वयाप्रमाणे आणि समजेप्रमाणे त्याची इच्छा विचारात घ्यावी असं कायदाच सांगतो. पण ‘चांगलं घर मिळेल, सायकल मिळेल’ एवढंच सांगून मिळवलेला होकार कच्चा असतो. मुलाला पाठवायला एक छोटा अल्बम करा: तुमचे फोटो, आजीचा, त्याच्या खाटेचा, न्हाणीघराचा, शाळेच्या फाटकाचा, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाचा. खाली मोठ्या अक्षरांत नावं लिहा. व्हिडिओ कॉल करा, मग जाऊन भेटा, घाई न करता. मूल गप्प बसलं तर गप्प बसू द्या. मुलाने ‘नको’ म्हटलं तर त्याला मनवायला खेळणी नेऊ नका. समुपदेशकाला त्याच्याशी बोलू द्या आणि उत्तर जे येईल ते माना.

जमलं की दत्तकपूर्व संगोपनाच्या करारावर मूल घरी येतं आणि आदेश नंतर होतो. २०२१ च्या दुरुस्तीने आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे दिला. तुमचं प्रकरण कुठे दाखल होईल हे संस्था सांगते. पुढे दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी समाजसेविका पाठपुराव्याला येतात.

१०. पहिल्या वर्षात काय होतं, हे माहीत असूनही ‘हो’ म्हणता का?

सुरुवातीचे काही आठवडे मूल फार गुणी वागतं. मग एके दिवशी सगळं बिनसतं. ताट भिरकावतं, खोटं बोलतं, पैसे उचलतं, ‘मला परत सोडा’ म्हणतं. तज्ज्ञ आणि अनुभवी पालक दोघंही सांगतात की मूल पाहत असतं, वाईट वागलो तरी ही माणसं मला ठेवतात का. उत्तर त्याला एकदा देऊन भागत नाही. ‘परत पाठवीन’ हे गमतीनेही, रागानेही उच्चारायचं नाही.

उशीखाली पोळी सापडेल. ओरडू नका, त्याला उघडं पाडू नका. त्याच्या हाताला येईल अशा डब्यात शेंगदाणे, चुरमुरे, केळी भरून ठेवा आणि तो डबा त्याचा आहे असं सांगा. आमच्याकडे डबा रोज रात्री भरलेला आहे का ते बघितल्याशिवाय ती झोपत नसे. मग आठवड्यातून एकदा बघू लागली. नंतर विसरली.

आठ वर्षांचं मूल अंथरूण ओलं करेल, बोबडं बोलेल, मांडीवर बसायचा हट्ट धरेल. बसू द्या. लहानपणी राहून गेलेलं ते मागत असतं. ‘आई’ म्हणण्याची सक्ती नको. मी बरेच महिने ‘मावशी’च होते, कारण संस्थेत सांभाळणारी प्रत्येक बाई मावशीच असते. त्याचं नाव बदलू नका. आणलेल्या सगळ्या सामानात तेवढं एकच पूर्णपणे त्याचं असतं. संस्थेतून आणलेले जुने कपडे, तुटकी बाहुली टाकून देऊ नका. जन्मदात्या आईबद्दल त्याने विचारलं तर माहीत आहे तेवढं, त्याच्या वयाला पेलेल असं सांगा. १८ वर्षांनंतर मुळं शोधायची असतील तर तो हक्क त्याला नियमांनी दिला आहे, आणि त्याआधी तुमच्यासोबत मिळून अर्ज करता येतो.

तुमचंही काही होतं. मुलावर लगेच प्रेम बसत नाही, थकवा येतो, अपराधी वाटतं. हे लपवू नका. समुपदेशकाकडे घर मोडकळीला आल्यावर जाण्यापेक्षा पहिल्याच महिन्यात जा.

११. सापळे

‘अमुक दवाखान्यात एक मूल आहे, परस्पर घेऊन टाका’ असं डॉक्टर, नर्स, ओळखीचा वकील कुणीही सांगो, घेऊ नका. कायदेशीर प्रक्रिया डावलून मूल दिल्या-घेतल्याबद्दल बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे देऊन मूल घेतलं तर कलम ८१ लागतं आणि शिक्षा आणखी कडक. सोडून दिलेलं मूल दिसलं तर १०९८ वर फोन करा. शंभराच्या स्टॅम्प पेपरवरच्या ‘दत्तकपत्रा’ने संस्थेतलं मूल तुमचं होत नाही. समाजमाध्यमांवर मुलांचे फोटो टाकून ‘पालक हवेत’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. यादीत नंबर वर आणून देतो म्हणणारा फसवतोय हे नक्की. यादी कुणाच्या हातात नसते.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी वाट त्या देशातल्या मान्यताप्राप्त दत्तक संस्थेकडून किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडून जाते. तिथे मुलाला घर, भाषा, हवा, शाळा सगळं एकदम बदलावं लागतं. घरात मराठी बोलली जात असेल आणि मूल महाराष्ट्रातलं असेल, तर निदान एक धागा तरी तुटत नाही.

१२. उत्तर ‘नाही’ आलं तर

इथपर्यंत येऊन ‘आपल्याला हे झेपणार नाही’ असं वाटलं, तर नाव नोंदवू नका. दोघांपैकी एकाचं मन नसेल तर तेही ‘नाही’च समजा. ‘आत्ता नाही, दोन वर्षांनी पाहू’ हेही उत्तर चालतं. फक्त वयाची बेरीज लक्षात ठेवा.

मुलांसाठी काही करायची इच्छा असेल तर इतर वाटा आहेत. प्रतिपालकत्वात दत्तकासाठी मुक्त नसलेलं, साधारण सहा वर्षांवरचं मूल तुमच्या घरी राहू शकतं. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही हे करता येतं, आणि मूल पुढे मुक्त झालं तर दोन वर्षांच्या सहवासानंतर त्याच घराला दत्तकाचा अर्ज करता येतो. अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींसाठी अनुरक्षणगृहं आहेत. त्यांना दिवाळीला फराळाला बोलवणारं, बँकेचं खातं उघडायला सोबत येणारं, नोकरीचा अर्ज वाचून देणारं एखादं घर हवं असतं. या दोन्हींसाठी चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षातच करायची. हा कक्ष जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालतो. जाताना ओळखपत्र आणि राहण्याचा पुरावा बरोबर ठेवा.